एकाच हाताचा चुना

आमच्या टोळीचं रुळांच्या दुरुस्तीचं सगळं वेळापत्रक मी एका सकाळी चुन्याने पुसून टाकलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी माझी बाजू मांडायला लागेन आणि ती मला फार चांगली मांडता येते. त्या वेळीही आली होती. एका माणसाचा मुकादमीचा बिल्ला जायची वेळ आली, ती माझ्या त्या हुशारीमुळेच.

गिरणीच्या भोंग्यावर अख्खं सोलापूर उठायचं, जेवायचं आणि घड्याळं लावायचं, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी रेल्वेत कारकून होतो. रुळांची निगा राखायला दहा-बारा माणसांची एक टोळी असे, तिला गँग म्हणत. एका टोळीकडे चार-पाच मैलांचा तुकडा, टोळीवर एक मुकादम, अशा काही टोळ्यांवर एक इन्स्पेक्टर साहेब, आणि साहेबाच्या दाराशी एक कारकून. मी मंगळवेढ्याच्या शाळामास्तरांचा मुलगा, मॅट्रिक पास, अक्षर मोत्यासारखं. नोकरी अजून कायम व्हायची होती. ऐट मात्र रुजू झाल्याच्या दिवशीच कायम झाली होती.

तोवर दुरुस्तीची कामं मुकादम आपापल्या अकलेने नेमत. कुठल्या दिवशी रुळांकडेच्या कुठल्या तारेच्या खांबापाशी खडी ठोकायची हे त्यांचं त्यांना ठाऊक असे. मग वरच्या कचेरीतून हुकूम आला की प्रत्येक टोळीचा वर्षाचा कार्यक्रम कागदावर पाहिजे. साहेबाने तो हुकूम माझ्या टेबलावर टाकला आणि मला जणू राज्य मिळालं. मी जाड कागद आणला. उभे मैल आखले, आडवे आठवडे आखले. झालेल्या कामाला तांबडी शाई, व्हायच्या कामाला निळी. पहिल्या मैलापासून सुरुवात, दर आठवड्याला ठरावीक तुकडा, वर्षअखेर शेवटचा मैल, की पुन्हा पहिल्यापासून. अंगणात रांगोळी काढावी तसा तो तक्ता दिसायचा. साहेबसुद्धा दोन मिनिटं पाहत राहिला.

पहिला तक्ता मी घेऊन गेलो तो मंद्रूपच्या रस्त्यावरच्या फाटकापलीकडच्या टोळीकडे. तिथला मुकादम पन्नाशीचा, मंद्रूपचाच. मिसरूड फुटायच्या आधीपासून रुळांवर राबलेला. दंडावर मुकादमीचा पितळी बिल्ला बांधायचा आणि तो रोज चिंचेने घासायचा. मी तक्ता उलगडून त्याच्यासमोर धरला आणि समजावून सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग कागदाचा कोपरा बोटांत धरून जाडी पाहिली.

"खिडकीला लावा," तो म्हणाला. "दुपारचं ऊन येतंय कचेरीत."

मी म्हणालो, मुकादम, हा साहेबाचा हुकूम आहे, पुढच्या सोमवारपासून पहिला मैल. त्यावर तो म्हणाला, "रूळ तुमच्या सोमवारनं बसत न्हाय, बाबू. त्याला वाटंल तितं बसतोय."

तो तुकडा सगळा काळ्या रानातून जात असे. काळी माती उन्हाळ्यात पंजा आत जाईल इतकी फाटते, पावसात फुगते आणि वर टाकलेली खडी गिळते. खडी गेली की रुळाखालचा आडवा स्लीपर हलतो, स्लीपर हलला की रूळ खाली बसतो, आणि बसलेल्या रुळावरून मेल गेली की पहिल्या वर्गातल्या साहेबाचा चहा त्याच्या मांडीवर येतो. त्याहून वाईट काय होऊ शकतं हे आमचा साहेब आम्हाला वरचेवर सांगायचा आणि सांगताना टेबलावर मूठ आपटायचा. ही माती कळायला मला रेल्वेत यायची गरज नव्हती. मंगळवेढ्याला आमच्या दाराबाहेर तीच होती, तिच्या भेगांत माझे दोन चेंडू कायमचे गेले होते. मुकादमाला माझं गाव कळलं तेव्हा तो टोळीला म्हणाला, "मंगळवेढ्याचं हाय म्हणं. आन् माती वळखत न्हाय." टोळी हसली. मी ते मनात ठेवलं.

त्या दिवसापासून आमचं जुंपलं. तो तक्त्याप्रमाणे काम करीना, आणि मी दर शनिवारी 'कार्यक्रमाप्रमाणे काम नाही' असा शेरा लिहून साहेबासमोर ठेवी. त्याची शिक्षा मला रुळांवर मिळे. टोळी अमुक खांबापाशी आहे असा निरोप यायचा. मी वैशाखाच्या उन्हात छत्री धरून तीन मैल चालत जायचो, तर तिथे चिटपाखरू नसायचं. टोळी दुसऱ्या टोकाला. तिथवर पोचलो की मला लांबून पाहूनच कोणीतरी माठ उपडा घालायचं. "पानी आत्ताच सपलं," असं मुकादम अगदी हळहळून सांगायचा, आणि त्याच्या मिशांवरून थेंब गळत असायचे.

टोळीतले निम्मे लोक अक्कलकोटच्या बाजूचे, कानडी बोलणारे. मला शिव्या द्यायच्या झाल्या की ते कानडीत देत, म्हणजे मला कळू नयेत. माझं आजोळ अक्कलकोटचं. मला प्रत्येक शब्द कळायचा. 'दड्ड' म्हणजे मठ्ठ, हे तर मी आजोळी पाढे म्हणताना रोज ऐकलेलं. पण मी एकदाही तसं दाखवलं नाही. दाखवलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि समोर बारा माणसं पहारी घेऊन उभी असायची. तेव्हा मी कळत नसल्यासारखा प्रसन्न चेहरा करून उभा राहायचो. त्यामुळे त्यांची खात्रीच पटत गेली की शब्द बरोबर निवडलाय.

फाटकापाशी हत्यारं ठेवायची एक दगडी खोली होती. पहारी, घमेली, बावटे, कंदील. आतली एक भिंत खालपासून हात पोचेल तिथवर गेरूच्या रेघांनी आणि कोळशाच्या ठिपक्यांनी भरलेली होती. हे काय म्हणून मी एकदा विचारलं, तर मुकादम "आमचं हाय," एवढंच म्हणाला. मी समजलो, कसला तरी नवस किंवा सोंगट्यांचा डाव मांडला असेल.

असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं. एकदा मी दाराशी आलो तेव्हा मुकादम त्या भिंतीवर बोट फिरवत होता. बोट एका जागी थांबलं, आणि त्याने मागे न बघता टोळीला दुसऱ्या दिवसाची जागा सांगितली. मी ते पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावायचं मी टाळलं, कारण अर्थ लागला असता तर माझ्या तक्त्याचं काय झालं असतं.

ती भिंत म्हणजे त्याचा तक्ता होता. एकेका मैलाची एकेक ओळ, ओळीत तारेच्या खांबांच्या खुणा. एखाद्या खांबापाशी खडी ठोकली की गेरूची एक रेघ. तिथला रूळ पुन्हा बसला की रेघेखाली कोळशाचा ठिपका. जिथे ठिपके साचतील तिथे पावसाळ्याआधी टोळी नेऊन बसायचं, खालचा काळा चिखल उकरायचा आणि नवी खडी भरायची. कितीतरी वर्षांचे ठिपके होते ते. अक्षरओळख नसलेल्या माणसाने लिहून ठेवलेले.

उन्हाळ्याच्या शेवटी मोठा साहेब तपासणीला यायचा होता. अशा वेळी रेल्वेत सगळीकडे चुना फासतात. मैलाचे दगड, फाटकाचे खांब, गँगच्या चाळी. हुकमात हत्यारांच्या खोल्याही होत्या, 'बाहेरून, दोन हात' असं स्पष्ट लिहिलेलं. त्या हुकमाची नक्कल टोळीसाठी मला करायची होती. मी नक्कल केली, आणि या एका खोलीपुढे 'बाहेरून'च्या आधी 'आतून' हा शब्द माझ्या मनाने घातला. अक्षर नेहमीसारखंच आलं.

टोळी त्या दिवशी शेवटच्या मैलावर होती. मी दोन मजूर घेऊन गेलो आणि दाराशी छत्री टेकून उभा राहिलो. बाहेर दोन हात झाले. आत एक हात होता होता चुना संपला. मजूर म्हणाले, आणखी चुना शहरातून आणावा लागेल. मला उन्हाचा कंटाळा आला होता. पांढरं दिसतंय ना, म्हटलं, पुरे. वहीत 'आतून-बाहेरून दोन हात' असं लिहून खाली सही केली, आणि जाता जाता माझा तक्ता त्या कोऱ्या भिंतीवर चार खिळ्यांनी ठोकला. तांबडं-निळं त्या पांढऱ्यावर असं उठून दिसलं की मी दोनदा मागे सरून पाहिलं.

टोळी परत आली तेव्हा मी मुद्दामच तिथे थांबलो होतो. मुकादम आत गेला. मी डोकावलो तर तो भिंतीवर तळहात टेकून उभा होता. हात काढला तो पांढरा झालेला. तो त्याने माझ्या तक्त्यावर, बरोबर मधोमध, सावकाश पुसला.

"आता इचारा तुमच्या कागदाला," तो म्हणाला, आणि पुढचा महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

पावसाळ्याआधी प्रत्येक टोळीला एकदाच, एका दिवसापुरती खडीची गाडी मिळत असे. दरवर्षी मुकादम गाडीवर उभा राहून हवं तिथे थांबवायचा आणि खडी उतरवून घ्यायचा. त्या वर्षी साहेबाने जागांची यादी आधी मागितली. मुकादमाने तोंडी जागा सांगितल्या. त्यांत ओढ्याच्या पुलाआधीची एक, तिच्यापुढच्या वळणावरची एक आणि बाभळीच्या शेतापाशी एक, अशा तीन जागांना निम्मी गाडी द्या म्हणाला. साहेबाने विचारलं, कशावरून. तो म्हणाला, भिंतीवर होतं. साहेब माझ्याकडे वळला.

त्या वेळी मी एक वाक्य बोललो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी म्हणालो, "भिंतीवर रेघोट्या होत्या, साहेब. लेखी काही नाही."

मग माझा तक्ता आला. त्याप्रमाणे प्रत्येक खांबापाशी सारखी खडी पडली, देवळात साखरफुटाणे वाटावेत तशी, कोणावर अन्याय नाही. वर साहेबाने मुकादमाला बजावलं की खडी मिळाली, माणसं आहेत, कार्यक्रम आखून दिलाय. आता पावसात तुझ्या तुकड्यात रूळ बसला तर बिल्ला काढून घेईन. बिल्ला गेला की मुकादमाची फाटकाजवळची राहायची खोली जाणार. आणि ज्याला त्याने स्वतः पहार धरायला शिकवली अशा कोणाच्या तरी हाताखाली त्याला खडी ठोकायला उभं राहावं लागणार. मुकादम "व्हय साहेब," म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सोलापूरकडचा पाऊस आषाढ-श्रावणात नुसता दडी मारून बसतो आणि भाद्रपद सरता सरता उत्तरा-हस्तात एकदम देणं फेडल्यासारखा येतो. त्या वर्षी चार दिवस खळ पडला नाही. रूळ बसले. पुलाआधी बसले, वळणावर बसले, बाभळीपाशी बसले. बाकी कुठेही बसले नाहीत. गाड्या तिथून पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाऊ लागल्या. टोळी दिवसभर भिजत, जिथे नको तिथली खडी घमेल्यांनी भरून जिथे हवी तिथे आणत होती. तक्त्याने समान वाटलेली खडी मुकादम डोक्यावरून परत गोळा करत होता आणि मी कचेरीत कोरडा बसलो होतो.

साहेबाने मला पत्र सांगितलं. मुकादमास मुकादमीवरून कमी करण्यात येत आहे, वगैरे. मी ते लिहिलं. एवढं सुबक पत्र माझ्या हातून पुढे कधी झालं नाही. साहेबाने ते खिशात घातलं, ट्रॉली काढायला सांगितली आणि मलाही बरोबर घेतलं, बिल्ला ताब्यात घेतल्याची पावती लिहायला.

बसलेल्या जागा पाहून होईतो सरीचा जोर इतका वाढला की ट्रॉली ढकलणाऱ्यांना पुढचं दिसेना. सगळे फाटकापाशी हत्यारांच्या खोलीत शिरलो. साहेब, मी, आणि मागून भिजलेला मुकादम. ट्रॉलीवाले दाराशीच थांबले. खोलीत ओल भरून राहिली होती. माझ्या तक्त्याचे वरचे दोन खिळे सुटले होते आणि तो पुढे लोंबत होता. तांबडी शाई निळीत उतरून सगळे आठवडे जांभळे झाले होते. साहेबाने वैतागून तो ओढून काढला आणि घमेल्यांच्या चळतीवर टाकला.

मागची भिंत ओलीचिंब होती. एका हाताचा पातळ चुना पाणी पिऊन काचेसारखा झाला होता, आणि त्याच्या आतून गेरूच्या रेघा दिसत होत्या. कोळशाचे ठिपके तर कालच काढल्यासारखे.

साहेबाने मुकादमाला पुढे बोलावलं. हे काय, विचारलं. मुकादमाने ओळीवर बोट ठेवून खांब मोजले आणि एका जागी थांबला. सहा ठिपके. पुलाआधी. पुढच्या ओळीत पाच, वळणावर. मग बाभळीपाशी सहा. साहेब आपली छडी ठिपक्याठिपक्यावर टेकवत गेला. मध्येच त्याने माझ्या काखेतली वही मागून घेतली, चुन्याचं पान काढलं आणि माझी सही बघितली.

दोन हात, त्याने विचारलं, कुठे आहेत?

"चुना कमी पडला, साहेब," मी म्हणालो.

साहेबाने विचारलं होतं त्याचं हे उत्तर होतं, पण त्याला हवं होतं ते हे नव्हतं. हुकूम बाहेरून रंगवायचा होता, हे त्याला पाठ होतं. त्याने स्वतःच दिला होता. 'आतून' हे कोणी लिहिलं, एवढंच त्याने पुन्हा विचारलं. मुकादम ओल्या बाहीने आपला बिल्ला पुसत राहिला. पुसून झाला तेव्हा मला सांगावं लागलं की 'आतून' हा शब्द माझा.

साहेबाने त्या दिवशी टेबल नसताना मूठ आपटली, ती माझ्या तक्त्यावर. मग खिशातलं पत्र काढून माझ्या हातात दिलं आणि त्याच्यावर 'रद्द' असं लिहायला लावलं, त्याच सुंदर अक्षरात. माझं कायम होणं वर्षभर पुढे ढकललं. आणि भिंत वाळून पुन्हा पांढरी व्हायच्या आत ती सगळी वहीत उतरवून घे, मुकादम सांगेल तसं, असा हुकूम केला.

मी तीन दिवस उपड्या घमेल्यावर बसून लिहीत होतो. मुकादम भिंतीकडे तोंड करून खांब सांगायचा, मी लिहायचो. एखादा खांब चुकला तर तो थांबायचा आणि मी स्वतः चूक शोधेपर्यंत पुढे बोलायचा नाही. टोळीतले येता-जाता दारातून बघून कानडीत एकमेकांना काहीबाही सांगायचे, आणि मी ते ऐकून खाली मान घालायचो. माठ या तीन दिवसांतही माझ्यासाठी उपडाच होता. मी शहरातून तांब्या भरून आणायचो.

तिसऱ्या दिवशी शेवटची ओळ उतरली. बाहेर उघडलं होतं, भिंत कडेकडेने वाळत आली होती आणि ठिपके पुन्हा फिके होत चालले होते. मी वही मिटली. काहीतरी चांगलं बोलावं असं मला मनापासून वाटलं. माफी मागायची होती, पण ती काही तोंडात येईना. जे आलं ते असं: "मुकादम, आता सगळं वहीत आलं. भिंत घाण दिसते. राहिलेला दुसरा हात देऊन टाकू का?"

मुकादमाने पहार खांद्यावर घेतली, दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

"नगं," तो म्हणाला. "तुमचं कंचंबी काम अर्धंच ऱ्हातंय, म्हणून तर आमी वाचलो. तेवढं तसंच ऱ्हाऊ द्या की."